टोपलीतलं पिल्लू आणि जंगलातला रूळ

सोनटक्का (धागाकर्ती) | रविवार, रात्री १०:४०

आमचं घर पार्ल्यात, अगदी विमानांच्या वाटेखाली. फोनवर बोलताना विमान आलं की आम्ही घरातले सगळे आपोआप गप्प होतो आणि ते गेलं की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतो. पाहुण्यांना मजा वाटते, आम्हाला सवय झाली आहे.

ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस याच विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानात टोपली सापडली. टोपलीत रुपेरी गिबनांची दोन पिल्लं, त्यातलं एक मेलेलं. मलेशियाहून थायलंडमार्गे आलेली. हा लांब हातांचा, झाडांवरच राहणारा गिबन इंडोनेशियातल्या जावा बेटाचा, जगात दुसरीकडे कुठे जंगलात राहत नाही. टोपलीतल्या जिवंत पिल्लाचा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला आणि खाली प्रतिक्रिया काय आल्या असतील? 'सो क्यूट', 'कित्ती गोड', तीन बदाम, आणि एका काकूंचं 'असं पाळायला मिळतं का?'

मला राग आला, पण त्या काकूंवर नाही. वर्षभरापूर्वी मीही हेच लिहिलं असतं.

मधल्या काळात मी आसामात जाऊन आले. जोरहाट जिल्ह्यात मरियानी जंक्शनजवळ होलोंगापार गिबन अभयारण्य आहे. आकार फक्त २०.९८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कचा जेमतेम पाचवा हिस्सा. चारी बाजूंनी चहाचे मळे. एवढ्याशा जागेत सव्वाशेच्या आसपास हुलॉक गिबन राहतात. आत पायीच फिरायचं आणि सोबत बंदूकधारी वनरक्षक, कारण हत्ती कधी आडवे येतील नेम नाही.

सकाळी सातच्या सुमारास धुकं विरत असताना एक आवाज आला. आधी एकच, हळू, कुणीतरी लांबून 'हू' म्हटल्यासारखा. मग दुसरा. मग दोन्ही एकमेकांत अडकले, चढत गेले, आणि अख्खं जंगल भरून गेलं. नर-मादी मिळून गातात ते. आमच्या गाण्याच्या बाईंनी ऐकलं असतं तर 'श्वास बघ, श्वास' म्हणाल्या असत्या. पाचेक मिनिटांनी उंच होलोंगच्या झाडावर एक काळा नर आणि एक सोनेरी-तपकिरी मादी दिसली. मादीच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू, दुधाळ पांढरट. ती एका हातावरून दुसऱ्या हातावर झोके घेत निघाली तेव्हा पिल्लाला धरायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. पिल्लूच तिला धरून होतं.

टोपलीचं हे त्या दिवशी डोक्यात नव्हतं, आता आहे. असं पिल्लू आईच्या अंगावरून सोडवून घेता येत नाही. आईला आधी मारावं लागतं.

पण धागा काढायचं कारण वेगळंच आहे. थोडं पुढे गेल्यावर जंगलाच्या मधोमध रेल्वेचा रूळ आला. एकेरी मार्ग. गाडी गेली, आम्ही ओलांडला. चार पावलं. रक्षकदादा तोडक्या हिंदीत म्हणाले, "आपण गेलो. ते जात नाहीत. पलीकडचे पलीकडे, इकडचे इकडे."

मुंबईच्या माणसाने रूळ ओलांडण्याचं काय अप्रूप मानायचं? पण ते चार पावलांचं अंतर माझ्या डोक्यातून जात नाहीये. तस्करीबद्दल सगळे बोलतात, त्यात खलनायक आहे, टोपली आहे, अटक आहे. या रुळात खलनायक कुणीच नाही. याबद्दल जाणकारांनी लिहावं म्हणून धागा.

---

लोअरबर्थ | रविवार, रात्री ११:०२

पहिला मी! छान लिहिलंय. मरियानीला कसं जायचं तेवढं सांगा. गुवाहाटीपर्यंत विमान आणि पुढे रात्रीची गाडी, बरोबर? बाकीचं उद्या वाचून लिहितो.

---

तिरका_डोळा | रविवार, रात्री ११:१९

माकडांसाठी एवढं हळवं होणं जमत नाही बुवा. मुंबईत लोकलच्या रुळांवर दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसं मरतात. त्यांच्यासाठी कोण गातं सकाळी सातला?

---

शेकरू | रविवार, रात्री ११:४८

@तिरका_डोळा, एक तर ते माकड नाही. शेपूट कुठे दिसली? गिबन हा कपी, म्हणजे गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान आणि आपण ज्या खोलीत बसतो त्याच खोलीतला, फक्त अंगाने लहान. वजन सहा ते नऊ किलो. भारतात आपल्याशिवाय दुसरा कपी नाही, हाच एक. माकडं म्हणायची तर त्याच होलोंगापारमध्ये आहेत की पाच जाती: आखूड शेपटीचं, डुकरासारख्या शेपटीचं, आसामी, लाल तोंडाचं, आणि टोपीवाला वानर. शिवाय रात्री फिरणारा लाजवंती (स्लो लोरिस). गिबन धरून वानरगणातले सात जातींचे प्राणी २१ चौरस किलोमीटरच्या आत! आरे कॉलनीच्या दीडपटीहून थोडी मोठी जागा आहे ती.

नावाबद्दल गंमत. आपल्याकडे वानराच्या नराला 'हुप्प्या' म्हणतात, का ते सांगायला नको. तसंच 'हुलॉक'. बांगलादेशात 'उल्लुक', आसामात 'होलौ'. प्रत्येकाने आपापल्या कानाने तोच आवाज लिहून काढला आहे. शास्त्रज्ञांनी फार डोकं लावलं नाही, हुलॉक हुलॉक असं दोनदा म्हणून मोकळे झाले.

रंगाचं: पिल्लू जन्मतः पांढरट, मग नर असो मादी असो, काळं होतं. वयात येताना मादी रंग बदलून तपकिरी होते, नर काळाच राहतो, भुवया पांढऱ्या. त्यामुळे कुटुंब दिसलं की कोण कोण आहे ते लांबूनच कळतं.

आणि कृपा करून 'गिबन आयुष्यभर एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ' हे फॉरवर्ड करू नका. जोडीने राहतात हे खरं. पण गिबनांच्या काही जातींत शेजारच्या झाडावरचे चोरटे उद्योगही नोंदले गेले आहेत. हलके घ्या.

---

तिरका_डोळा | रविवार, रात्री ११:५५

बरं, कपी. मुद्दा तोच. रूळ ओलांडता येत नाही तर नका ओलांडू. अलीकडे राहा.

---

शेकरू | सोमवार, सकाळी ७:१०

झोप झाली, आता नीट उत्तर देतो.

अलीकडेच राहतात, तोच तर घोळ आहे. रुळाच्या एका बाजूला साधारण १५० हेक्टरचा तुकडा, दुसऱ्या बाजूला बाकीचं सगळं. लहान तुकड्यात मोजकी कुटुंबं. तिथलं पिल्लू मोठं झालं की त्याला घर सोडून स्वतःची जोडी शोधावी लागते, कारण आई-बाप त्याला आपल्या हद्दीत ठेवत नाहीत. मग ते जाणार कुठे? एका बाजूला चहाचा मळा, दुसऱ्या बाजूला रूळ. राहिलेच तर नात्यातल्या नात्यात लग्नं. मादीला पिल्लू होतं दोन-तीन वर्षांतून एकदा, एका वेळी एकच. अशा हिशोबात दोन-चार चुकीच्या पिढ्या पुष्कळ झाल्या.

पूर्वी हे जंगल पटकाईच्या डोंगरांपर्यंत सलग होतं. १८८० ते १९२० या काळात मधे चहा आला. १८८१मध्ये उरलेलं जंगल राखीव झालं, १९९७मध्ये अभयारण्य. तोवर ते समुद्रातल्या बेटासारखं झालेलं होतं, फक्त समुद्राच्या जागी चहा.

माझ्या आयडीवरून कळलं असेल, मी भीमाशंकरवाला. आपलं शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, त्याचंही असंच आहे. फांदीवरून फांदीवर. रस्ता रुंद झाला, वरची फांद्यांची कमान तुटली की त्याचं जग तिथे संपतं. पण शेकरू नाइलाजाने खाली उतरतं तरी. हुलॉक शक्यतो उतरत नाही, आणि उतरला तर जमिनीवर दोन हात वर धरून तोल सांभाळत चालतो. कुत्र्यांना आणखी काय हवं?

---

मिनूची_आई | सोमवार, सकाळी ९:३३

सोनटक्का, तुमच्या सोसायटीच्या काकू म्हणजे मीच म्हणा. वेगळ्या सोसायटीतली. आमची मिनू सात वर्षांची. तिला कुणीतरी फ्रॉक घातलेल्या, बाटलीने दूध पिणाऱ्या गिबनच्या पिल्लाचं रील दाखवलं. तेव्हापासून 'आई, आपण पण आणू'. मी हसून सोडून दिलं होतं. तुमचं 'आईला आधी मारावं लागतं' वाचल्यावर ते रील पुन्हा बघवेना.

असं काही दिसलं तर करायचं काय? रिपोर्ट करून काही होतं का? आणि हे पाळणं बेकायदा आहे ना नक्की? कारण रीलवाले बिनधास्त पत्ता-फोनसकट टाकतात.

---

कलम_बहाद्दर | सोमवार, दुपारी १:१५

कोर्टातून लिहितोय, थोडक्यात.

हुलॉक भारतीय आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं, पाळणं, विकणं, सगळं गुन्हा. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, शिवाय दंड. इथे 'शोभेसाठी ठेवलाय हो' हा बचाव चालत नाही.

परदेशी गिबनांचं, म्हणजे रुपेरी, सियामंग वगैरे, पूर्वी फावलं होतं. जुन्या कायद्यात परदेशी प्राण्यांकडे फारसं लक्षच नव्हतं. सीमेवर पकडलं तर कस्टम्सचा गुन्हा, एकदा आत आलं की 'आमच्याकडे आधीपासूनच आहे, इथेच जन्मलं' म्हणायला मोकळे. २०२२च्या दुरुस्तीने ते बरंचसं बदललं. १ एप्रिल २०२३पासून आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराखालच्या (साइटिस) प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आहे, चौथी. २०२४च्या नियमांनुसार असा प्राणी जवळ असेल तर ऑनलाइन नोंदणी सक्तीची. सगळे गिबन त्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे व्यापारासाठी देशोदेशी नेणं बंदच.

मिनूची_आई, महाराष्ट्रात वन विभागाची हेल्पलाइन १९२६. रीलचा दुवा, खात्याचं नाव, स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि रील कुणालाही पुढे पाठवू नका. खाली 'लाज वाटत नाही का' असं लिहूसुद्धा नका. तुमची शिवी आणि काकूंचा बदाम यांत त्या यंत्राला फरक कळत नाही, दोन्हींनी ते रील आणखी चार मिनूंपर्यंत जातं.

---

लोअरबर्थ | सोमवार, दुपारी १:४०

विमानतळाच्या बातम्या हल्ली वाचवत नाहीत. साप, कासवं, सरडे, आणि आता हे. जूनमध्ये साप सापडले होते ना, विषारी, बॅगेत?

---

कलम_बहाद्दर | सोमवार, दुपारी २:०५

हो. थायलंड ते भारत या हवाई मार्गावर साडेतीन वर्षांत सात हजारांवर प्राणी पकडले गेल्याचं ट्रॅफिक या संस्थेने २०२५मध्ये म्हटलं होतं, मेलेले-जिवंत सगळे धरून. हे पकडलेले. न पकडलेल्यांचा अंदाज तुम्हीच करा. यातला माल तिकडून येतो, पण गिऱ्हाईक इकडचं आहे. ते थाई माणसाचं पाप म्हणून सोडून देता येत नाही.

---

मोटरमनकाका | सोमवार, सायंकाळी ६:२०

मी रेल्वेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच कल्याण-कसारा. धाग्यावर अजून कुणी रेल्वेला शिव्या घातल्या नाहीत, पण घालतील, म्हणून आधीच आलो.

तो मार्ग आजचा नाही, ब्रिटिशांनी टाकलेला. चहा आणि कोळसा बाहेर काढायला. तेव्हा जंगल चहूकडे होतं, एका रुळाने काय होतंय असं वाटलं असणार. सोनटक्कांचा तो जंगलातला रुळाचा तुकडा दीड किलोमीटरच्या थोडा वर आहे. एकेरी मार्ग आहे तोवर गोष्ट वेगळी. पण दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झालं की काय होईल ते सांगतो.

दुहेरीकरण म्हणजे मोकळा पट्टा दुप्पट. आज कुठे कुठे फांद्या जवळ येतात, ते संपलं. आणि विद्युतीकरण म्हणजे ओएचई, रुळावरून जाणारी विजेची तार. पंचवीस हजार व्होल्ट. आपल्याकडे लोकल आधी दीड हजार व्होल्ट डीसीवर चालायच्या, मग टप्प्याटप्प्याने पंचवीस हजार एसी झालं. तेव्हा आम्हाला एकच गोष्ट घोकून घ्यायला लावायचे: तारेला हात लावायची गरज नाही, जवळ गेलात तरी ओढून घेते. टपावर चढणाऱ्या पोरांचं काय होतं ते आम्ही पाहिलंय, इथे लिहीत नाही. तार जमिनीपासून साडेपाच मीटरच्या आसपास. गिबनला ती वेल वाटणार. धरण्यासाठीच तर त्याचे हात बनलेत.

मार्ग वळवता येत नाही का? येतो. इंजिनिअरला विचारलंत तर तो म्हणेल, पैसे द्या, चंद्रावर नेतो. आपली कोकण रेल्वे बघा. अडचण चढ-उताराची नाही, तिथे बरीचशी सपाटीच आहे. अडचण जमिनीची. वळवायचा तर चहाच्या मळ्यांतून न्यावा लागेल, आणि मळेवाल्याची एकेक ओळ म्हणजे त्याचा दागिना.

---

शेकरू | सोमवार, सायंकाळी ७:०२

काका, दंडवत. हेच हवं होतं.

वळवण्याबद्दल: डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२३मध्ये 'सायन्स' नियतकालिकात पत्र लिहून हीच मागणी केली होती, की रूळ अभयारण्याबाहेरून न्या. पुढे चर्चा पुलांवर आली. दोन बाजूंच्या झाडांना जोडणारे दोरांचे पूल, आराखडा त्याच संस्थेचा, खर्च रेल्वेचा. दुहेरी दोर, आणि खाली जाळी, पिल्लू निसटलं तर झेलायला.

---

तिरका_डोळा | सोमवार, सायंकाळी ७:३०

म्हणजे स्कायवॉक! मुंबईत बांधले, वापरतंय कोण? वांद्र्याचा पहिला बांधला तेव्हा केवढं कौतुक. पुढे लोक खालूनच. गिबनांना काय आपल्यापेक्षा जास्त शिस्त आहे?

---

शेकरू | सोमवार, सायंकाळी ७:५१

हसलो. पण तुम्ही चुकून अगदी बरोबर बोललात. होलोंगापारमध्ये रेल्वेने आधी एकदा लोखंडी पूल उभारला होता. गिबनांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. माणसाने माणसाच्या डोक्याने बांधलेला पूल!

आता दुसरं उदाहरण, चीनच्या हैनान बेटाचं. तिथला हैनान गिबन हा जगातला सगळ्यात दुर्मीळ कपी, अख्ख्या जगात एकाच जंगलात. २००३च्या मोजणीत १३ होते. आज चाळिशीच्या वर आहेत, आणि हे आकडे वाढायला वीस वर्षं गेली. २०१४मध्ये चक्रीवादळ आलं, दरड कोसळली, आणि त्यांच्या रोजच्या वाटेवर झाडांचा पट्टाच गेला. २०१५मध्ये संशोधकांनी गिर्यारोहणाचे दोन दोर तिथे बांधले, कॅमेरा लावला आणि वाट बघत बसले. एक आठवडा, एक महिना, काही नाही. पहिल्यांदा गिबन त्या दोरावरून गेला तो १७६ दिवसांनी.

आणि गेला कसा, ते महत्त्वाचं. सगळ्यांना वाटलं होतं लोंबकळत, झोके घेत जाईल. तसेही गेले काही. पण बहुतेक वेळा एका दोरावर पाय आणि वरचा दुसरा दोर हाताने धरून, कठड्याला धरून जिना उतरणाऱ्या आजीसारखे. म्हणून दोर दोन हवेत.

तमिळनाडूतल्या वालपराईत सिंहपुच्छ माकडांसाठी असेच पूल आहेत, अग्निशमनाच्या जुन्या पाइपांचे. ती माकडं सर्रास वापरतात. पण माकड फांदीच्या वरून चालतं, गिबन खालून लटकतो. एकाचा पूल दुसऱ्याच्या कामाचा नाही. विरार लोकलच्या दारात उभं राहणाऱ्याला राजधानीतलं सीट देऊन उपयोग नाही, तसं.

---

लोअरबर्थ | सोमवार, रात्री ८:१५

विरारवाल्यांचा अपमान! राजधानीचं सीट मी घेतो.

सहा महिने वाट बघणारा कॅमेरावाला मात्र भारी. आपल्याकडे सहाव्या दिवशी 'पूल अपयशी, कोट्यवधी पाण्यात' अशी बातमी झाली असती.

---

ब्रह्मपुत्रेकाठी | सोमवार, रात्री १०:४४

गिरगावात जन्मलो, नोकरीने जोरहाटला आणून टाकलं, आता अकरा वर्षं झाली. धागा एका मित्राने पाठवला. इथलं थोडं सांगतो.

तुम्ही सगळे होलोंगापारवर बोलताय, ठीक, ते प्रसिद्ध आहे. पण हुलॉक ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेला जंगल जंगल विखुरलेला आहे: आसाम, मेघालय, नागालँड, मणिपूर, मिझोराम, त्रिपुरा, अरुणाचलात दिबांग नदीपर्यंत. पोहता येत नाही, त्यामुळे नदीने त्याला एका काठावर ठेवला. भारतात बारा हजारांच्या घरात असल्याचं सांगतात. आकडा ऐकून बरं वाटतं, पण यातले कितीतरी अशा तुकड्यांत आहेत, जिथे एक-दोन कुटुंबं तेवढी उरली आहेत. बांगलादेशात लाउआचरा जंगलातून सिलहटची रेल्वे जाते. तिथेही हाच प्राणी आणि अशीच अडचण.

मला आवडणारी जागा तिनसुकियाजवळची, बारेकुरी गाव. तिथे जंगल नाही म्हटलं तरी चालेल. गाव आहे, मोरान लोकांचं. परसात सुपारी, केळी, फणस, बांबू. आणि त्या परसांतून वीसेक हुलॉक राहतात, पिढ्यान् पिढ्या. मी गेलो तेव्हा एक आजी अंगणात सूत काढत होत्या आणि डोक्यावरच्या झाडात होलौचं कुटुंब फळं खात होतं. आजींनी वर बघितलंसुद्धा नाही. मी मोबाइल काढून वेड्यासारखा नाचत होतो. त्या म्हणाल्या, "फोटो काढ, पण केळं दाखवू नकोस. एकदा खाली उतरायची सवय लागली की कुत्रा मारील."

२०२०ची बाघजानची तेलविहिरीची आग त्याच भागातली. कित्येक महिने जळत होती. त्यामुळे 'गावकरी चांगले, रेल्वे वाईट' इतकं सोपं काही नाही इथे. डोंगरांत शिकारही होते, झूम शेतीचं चक्र आखूड झालंय, पूर्वी एक डोंगर वीस वर्षं पडीक राहायचा तो आता चार-पाच वर्षांत पुन्हा जाळतात. मोठी झाडं व्हायला सवडच नाही. काही जमातींत होलौ मारणं निषिद्ध मानतात, काहींत नाही.

@मोटरमनकाका, त्या पट्ट्यात गाड्या हळू चालतात हे मी स्वतः अनुभवलंय. खिडकीत बसलो की आधी चहा, चहा, चहा, मग एकदम अंधार, आणि परत चहा.

---

सोनटक्का | मंगळवार, सकाळी ८:२०

काय एकेक प्रतिसाद आलेत! ब्रह्मपुत्रेकाठी, त्या आजींचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

तिरका_डोळा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. रुळांवर मरणाऱ्या माणसांसाठी कोण रडतं? कुणीच नाही, खरंय. माझा मावसभाऊ असाच गेला, पाच मिनिटं वाचवायला. म्हणून कदाचित तो रूळ माझ्या डोक्यात जास्त बसला. आपण माणसं पूल असून खालून जातो, आणि तिकडे पूल नसल्यामुळे कुणी जातच नाही. या दोन्हीत मी तुलना करत नाही. फक्त दोन्ही एका वेळी दिसतात मला, त्याला इलाज नाही.

---

तिरका_डोळा | मंगळवार, सकाळी ८:४१

माफ करा. ठाऊक नव्हतं.

एक प्रश्न, सरळ मनाने विचारतोय. आपल्या नॅशनल पार्कखालून बोगदे काढताहेत ना, ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड. तसा रुळाचा बोगदा नाही काढता येत तिथे?

---

मोटरमनकाका | मंगळवार, सकाळी ९:१०

बोगद्याला वर डोंगर लागतो हो. बोरिवलीला आहे. तिथे गाळाची सपाट जमीन, पाणी वरवर. काढता येईल, पण रूळ खाली न्यायला दोन्ही बाजूंना लांबलचक उतार खणावा लागेल आणि तो खणताना जंगलच जाईल. त्यापेक्षा वळवणं स्वस्त. आणि तोवर त्या पट्ट्यात कॉशन ऑर्डर: वेग कमी, हॉर्न जपून.

---

कलम_बहाद्दर | मंगळवार, दुपारी १२:५०

अवांतर: कुणीतरी व्यक्तिगत निरोपातून विचारलं की जप्त केलेल्या पिल्लाचं पुढे काय होतं. बऱ्याचदा आलेल्या देशात परत पाठवतात. 'सुटला, जंगलात गेला' असं मात्र होत नाही. आईविना वाढलेल्या पिल्लाला फळ कुठलं खायचं तेही माहीत नसतं. पुनर्वसन केंद्रात कित्येक वर्षं ठेवून, जोडी जुळली तरच जंगलात सोडायचं बघतात. एकट्याला सोडलं तर दुसऱ्याच्या हद्दीत शिरून मार खातो.

---

मिनूची_आई | मंगळवार, रात्री ९:०५

आज मिनूला शेकरूदादांचा दोन दोरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. रीलचा दुवा १९२६ वर फोन करून कळवलाय, नोंद घेतली म्हणाले.

मिनूने लगेच बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर प्रयोग केला. तिच्याकडे लांब हातांचं एक कापडी माकड आहे ("कपी, आई, शेपूट मी कापली"). एका दोरीवर बसवलं, गरकन फिरून खाली, थेट दुसऱ्या मजल्यावरच्या गोखले आजींच्या तुळशीत. मग पाय एका दोरीवर, हात वरच्या दोरीला बांधले. टिकलं. आता तिचा प्रश्न आहे आणि मला उत्तर येत नाही: मधे ती वीजवाली तार असेल तर दोरी तिच्या वरून बांधायची की खालून?

---

मोटरमनकाका | मंगळवार, रात्री ९:३८

मिनूताईंना सांगा, वरून. आणि नुसतं वरून नाही, पुष्कळ वरून. खांबाच्या डोक्यापेक्षा उंच, आणि दोर पावसात भिजून झोळासारखा खाली आला तरी मधे भरपूर मोकळी जागा राहिली पाहिजे. भिजलेला दोर वीज वाहतो. त्यासाठी दोन्ही काठांना तेवढी उंच, तेवढी जुनी झाडं हवीत. होलोंग ती उंची गाठतो, पण तुझ्या-माझ्या घाईने नाही. आज लावलेल्या रोपाला दोर बांधायला मिनूताईंची मुलं जातील.

आणि दर पावसाळ्यानंतर तो दोर तपासायला माणूस चढवावा लागेल, त्या वेळेपुरता ब्लॉक घेऊन, वरची वीज बंद करून. बांधताना सगळे येतात, फोटो काढतात. हा वार्षिक ब्लॉक कुणाच्या रजिस्टरात लिहिलाय, वनखात्याच्या की आमच्या, ते मला आधी विचारायचंय. गुडघ्याचं बघून नोव्हेंबरात मरियानीला जावं म्हणतो.

---

लोअरबर्थ | मंगळवार, रात्री ९:५२

काका, तिकीट मी काढतो. खालचा बर्थ तुमचा.